कोटाखालचा हात

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. स्वतःहून कुणाला काही सांगायचीही मला सवय नाही. पण घरात विचारून झालं, उत्तर मिळालं नाही... म्हणून इथे लिहितेय.

आम्ही पिंपळे सौदागरला सोसायटीत राहतो. हॉलमध्ये आईच्या वडिलांचं, अण्णांचं, हाताने काढलेलं जुनं चित्र आहे. फेटा, बंद गळ्याचा काळा कोट, ताठ मान, आवळलेले ओठ. पाहुणे म्हणायचे, "घरंदाज दिसतात." त्यावर बाबांचं ठरलेलं – "जहागीरदार होते आमचे सासरे! जहागीर कुठंय, तेवढं सांगायचं राहिलं." आई हसायची. अण्णा लातूरकडे विहिरी खोदायचे. आई पोटात असतानाच ते गेले. मला मात्र तो चेहरा गर्विष्ठच वाटायचा. लहानपणी त्यांच्यासमोर मी सोफ्यावर पाय घेऊन बसत नसे.

या उन्हाळ्यात आईला पॅरालिसिसचा अटॅक आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. घरी आणल्यापासून ती एकच करायची – डावा हात गळ्याशी न्यायचा, अंगठा करंगळीला टेकवायचा, बाकीची बोटं ताठ, आणि माझ्याकडे बघत राहायचं. पाणी? नको. मंगळसूत्र? नको. फॅन, गोळी, मोबाईल... नको. डॉक्टर म्हणाले, काही पेशंट करतात असं. मी पुन्हा "काय हवंय आई?" विचारलं की ती डोळे मिटून घ्यायची. जणू तेच सोपं गणित मी परत चुकवलंय.

पावसाळ्यात फ्रेमच्या आत बुरशी धरली. एका रविवारी दुपारी मी काच काढली आणि कापसाने कागद हलकेच पुसायला घेतला... तर कोटच कापसावर आला. कोळशाची पूड होती ती. खाली पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. मी पुसत गेले. उघडं अंग, बरगड्या, आणि गळ्याशी डावा हात. अंगठा करंगळीला टेकलेला.

चेहऱ्यावरची एकही रेघ हलली नव्हती, तरी तो आता वेगळाच दिसत होता. ताठ मान म्हणजे ताणलेली मान होती. ओठ गर्वाने नाही, बोलता येत नाही म्हणून आवळलेले.

मी कुरुळीला मोठ्या मावशीला फोन लावला.

"अगं माय! कोट पुसलास?" ती ओरडलीच. "शेवटी अण्णांची वाचा गेलती. शाळंतल्या मास्तरांनी तवाच समोर बसून काढलंय ते. अण्णा गेल्यावर आमची आई म्हणली, भिंतीवर असा उघडा माणूस बरा नाही दिसत, कोट चढवा. तुझी आई जन्मली तवा कोटासकट लागलं होतं भिंतीला."

"आईला हे कधी सांगितलं होतंस?"

"नाही गं. मलाच आत्ता आठवलं."

"पण त्या हाताने ते मागत काय होते?"

"कुणाला कळलं, पोरी? पाणी दिलं की ढकलायचे."

बाबा म्हणतात, योगायोग. असेलही.

संध्याकाळी मी ते चित्र आईसमोर धरलं. तिने खूप वेळ बघितलं. मग हात हळूच चादरीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं – सुटल्यासारखं. आता कळलं ना, असं.

मी मान हलवली. खोटंच, हो म्हणून.

त्यानंतर तिने हात एकदाही गळ्याशी नेलेला नाही. मी खोलीत गेले की ती माझ्या हातांकडे बघते... मी काय आणलंय ते.