पीडित बाईची जागा

“मावशी, पीडित बाई तुम्ही व्हा. तुम्हाला अभिनय करावाच लागणार नाही.”

सर भर वर्गात बोलले. वर्ग हसला. मीही हसले. सत्तेचाळीस वर्षांची सवय, दुसरं काय.

आमचं लॉ कॉलेज जेझुइट फादर लोकांचं. दगडी इमारत, शेजारी चर्च. ग्रंथालयात इतकी शांतता की माझे गुडघे वाजले तरी पोरं वळून बघतात. कॉलेजच्या दारावर लिहिलंय : ‘न्याय दुर्बलांसाठी’. ते वाचूनच मी नाव घातलं. गारखेड्यातल्या घरी नवरा म्हणाला, “वकिलीणबाई, आधी माझ्या आईविरुद्ध एक केस जिंकून दाखवा.”

कॉलेजात दरवर्षी पाहुण्यांसमोर लुटुपुटूचा खटला चालतो. यंदाचा खटला विहिरीचा. गावानं बौद्ध बाईला पाणी भरू दिलं नाही. मला तिची वकील व्हायचं होतं. रोज पोळ्या लाटताना युक्तिवाद घोकला. पोळ्या करपल्या, युक्तिवाद पक्का झाला. जागा मात्र वर्गातल्या ईशानला गेली. बापाचा बंगला, बागायत, तोंडात इंग्रजी.

तालमीला सर म्हणाले, “पदर डोक्यावर घ्या. हात जोडा. थोडं रडा.”

पदर घेतला. हात जोडले. ईशाननं माझ्याकडं बोट केलं, “माय लॉर्ड, ही अडाणी बाई…”

माझी आई अजिंठ्याकडच्या खेड्यात अशाच विहिरीपाशी उभी राहायची. लांब. कुणी वरून घागरीत ओतेल म्हणून. तासन्‌तास. पण तिनं कधी हात जोडले नाहीत. आणि मी इथं फी भरून हात जोडत होते!

पदर खाली ओढला. साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरले, थेट वकिलाच्या टेबलापाशी गेले.

“मावशी, काय झालं? पाणी देऊ?” ईशान गडबडला.

“नको. सरक तिकडं. ही केस मी लढते.”

“भूमिका ठरल्यात,” सर तडकले. “आणि तुमच्या इंग्रजीचं काय?”

“खाली जिल्हा कोर्टात मराठी चालती, सर. इथं का नाय?”

फादर प्राचार्य मागच्या बाकावर होते. सगळं बघत होते. सरांनी मला खटल्यातूनच काढलं.

काढू द्या. पुढच्या वर्षी परत नाव देणार. वकिलाच्याच जागेसाठी. मराठीतच. नाय दिली, तर त्याच्या पुढच्या वर्षी. पाहुण्यांना दाखवायला रडकी बाई पाहिजे असेल, तर दुसरीकडं शोधा. या वर्गात ती मिळणार नाय.