वरून खाली लावलेली यादी

“स्वस्तातली वस्तू नेहमी मोठ्या माणसाच्या गळ्यात घालावी,” काचकारखान्यात भेटवस्तूंचं वाटप सांभाळणारा कारकून एकदा बोलून गेला. तेव्हापासून कामगार त्याला कात्री म्हणू लागले. तोंडावरसुद्धा.

नियम जुना होता. वर्षाअखेर प्रत्येकाला एक तर वस्तू मिळे, नाही तर रोख. रोख नोकरीच्या वर्षांप्रमाणे चढत जाई. वस्तू त्या रकमेहून महाग नसावी, एवढंच लिहिलेलं; किती स्वस्त असावी याबद्दल अवाक्षर नव्हतं. आधीचे कारकून ज्येष्ठांना भारी वस्तू देत, नवख्यांना किरकोळ. याने पहिल्याच वर्षी यादी उलटी केली. सगळ्यात ज्येष्ठाला सगळ्यात स्वस्त वस्तू, त्याच्या खालच्याला त्याहून जराशी महाग, असं उतरत जायचं. जिथे वस्तू रोखीपेक्षा महाग पडेल तिथे थांबायचं आणि उरलेल्या नवख्यांना त्यांची चिमूटभर रोख देऊन मोकळं व्हायचं. मोठ्या रकमा सगळ्या वाचत. मालक खूश झाले, कात्रीला हात टेकायची खुर्ची मिळाली, आणि भट्टीवरच्या म्हाताऱ्यांना तेरा वर्षं कंगवे, बशा, खुंट्या मिळत राहिल्या.

“चाळीस वर्षं भट्टीपुढे भाजलो आणि ही खुंटी,” एक जण म्हणाला होता. “आता हिला टांगू काय, स्वतःला?” सगळे हसले. कात्रीही हसला.

यंदा यादीच्या वरच्या टोकाला त्याचा सख्खा थोरला भाऊ आला. भट्टीच्या झळांनी दादाचे डोळे गेल्यात जमा होते. नोकरीचं हे शेवटचं वर्ष. रोख मिळाली तर निदान एका डोळ्याचं ऑपरेशन होणार होतं.

वहिनी दारापर्यंत आली. बसा म्हटलं तरी आत आली नाही.

“भाऊजी, मी आलेय हे ह्यांना माहीत नाही. यंदा तेवढी रोख द्या. पुढच्या वर्षी मागायला आम्ही यादीत नसू.”

“बघतो, वहिनी.”

“बघा. तुम्हाला दिसतंय अजून.”

त्याने दादाचं नाव खाली, रोखीत घातलं. बेरीज फुगली. तसाच कागद मालकांपुढे ठेवला.

“वरचं नाव खाली कसं आलं?”

“भाऊ आहे माझा. डोळे...”

“असेल. पण तेरा वर्षं तू एकालाही सोडलं नाहीस. बाकीच्यांना काय सांगशील? ते तू सांग, मी आत्ता सही करतो.”

मालकांनी खरंच पेन उघडलं. तेरा वर्षं चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. पण कात्रीने कागद ओढून घेतला आणि दादाचं नाव स्वतःच्या हाताने पुन्हा वर लिहिलं.

वाटपाच्या दिवशी नावं तोच वाचत असे. पहिलं नाव वाचल्यावर दादा टेबलाची कड चाचपत पुढे आला. हातात पडलेलं पुडकं त्याने बोटांनी फिरवून पाहिलं.

“काय आहे रे?”

“साबणदाणी.”

“आणि?”

“एवढंच, दादा.”

मागे कोणी हसलं नाही. दादाने आवाजाच्या रोखाने मान वळवली. “बरं केलंस. आंघोळीला डोळे लागत नाहीत.”

कात्रीने दुसरं नाव वाचायला कागद उचलला. अक्षरं स्वच्छ दिसत होती. त्याने कागद टेबलावर ठेवला, थांबलेल्या माणसांमधून वाट काढली आणि बाहेर निघून गेला.