धाकटीच्या अंगठ्याची पोती

थोरलीच्या बोटांतला जीव गेला होता, आणि हे शेडमध्ये एकाच बाईला माहीत होतं: शेजारच्या टेबलावरच्या तिच्या धाकट्या जावेला. साखरेच्या दुखण्याने बोटांची टोकं इतकी बधिर झाली होती, की तव्याचा चटका बसला तरी तिला तो वासावरून कळायचा. आणि बाईचं काम काय, तर जुन्या स्वेटरांच्या ढिगातून खरी लोकर एकीकडे, नकली दुसरीकडे काढायची! सगळी मदार बोटांवर. आता बोला.

त्या स्वेटरांचा पिंजून पुन्हा धागा व्हायचा. रंग नीट निवडले तर तो रंगवावाही लागत नाही, पाण्याची केवढी तरी बचत. पण खऱ्यात नकली मिसळली, की धाग्याची वाट लागलीच म्हणून समजा.

तरी बरीच वर्षं निभावलं. त्या शेडची रीतच तशी होती. एखादीचे हात मंदावले, की शेजारणीने तिच्या ढिगावरून गुपचूप आपला हात फिरवायचा. कुणी उपकार मानायचे नाहीत, कुणी बोलून दाखवायचं नाही. धाकटी चुकलेला स्वेटर अलगद उचलून बाजूला टाकायची, आणि तोंडाने मात्र आपल्या मुलीच्या शाळेच्या तक्रारी सांगत राहायची.

मग ती ब्लॉकचेन आली. मुकादमाने सगळ्यांना गोळा करून समजावलं, की शेड, गिरणी, दुकान, सगळे आता एका साखळीत जोडलेत. प्रत्येक नोंदीची नक्कल प्रत्येकाकडे, त्यामुळे एकदा केलेली नोंद कुणाच्या बापाला खोडता येणार नाही. गिऱ्हाइकाने दुकानात मोबाइल धरला, की स्वेटर कुठल्या जुन्या लोकरीचा आणि ती कुणी निवडली, सगळं दिसणार. जुन्याच्या नावाखाली नवा माल खपवणाऱ्यांची चांगलीच गोची झाली, हे कबूल करायलाच हवं. पण एकीचा हात दुसरीच्या ढिगात जाऊ नये म्हणून टेबलांमध्ये जाळ्या बसल्या. भरलेलं पोतं दाराशी न्यायचं आणि जिचं तिने यंत्रावर अंगठा लावून बंद करायचं. गिरणीत भेसळ सापडली की त्या अंगठ्यावर लाल खूण. तीन खुणा झाल्या की अंगठा बंद, आणि तोही साखळीतल्या प्रत्येक शेडमध्ये. साखळीबाहेरची शेड तरी आता कुठे उरली होती?

थोरलीवर दोन खुणा पडल्या आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. नवरा जाऊन तिला वर्षं झाली होती, दीर अंथरुणाला खिळलेला. एका चुलीवरचं घर दोघी जावांच्या मजुरीवर चालायचं.

दाराच्या रांगेत धाकटी हळूच मागे वळली. "ताई, तुमचं पोतं मला द्या, माझं तुम्ही घ्या. माझ्यावर एकही खूण नाही. पडली एखादी तर पडली."

थोरलीने नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी तर तिनेच आपलं पोतं पुढे सरकवलं, आणि मग ते रोजचंच झालं. माल गिरणीत पोचून तपासला जाईपर्यंत महिना उलटतो. तोवर यंत्र हिरवंगार. दोघींना वाटलं, खपून जातंय. खुळ्या कुठल्या! जुन्या रीतीत चूक समोर दिसायची आणि तिथल्या तिथे निस्तरता यायची. ही चूक दूर कुठेतरी साठत होती.

एका सकाळी धाकटीने अंगठा टेकवला आणि यंत्र लाल झालं. तिने पदराला पुसून पुन्हा टेकवला, तरी लालच. अख्खी खेप एकदम तपासली गेली होती, तिन्ही खुणाही एकदम पडल्या होत्या. शेडमधला सगळ्यात तरबेज हात क्षणात बाहेर. तिच्या मागे थोरलीने अंगठा लावला, तो हिरवा.

थोरली तडक मुकादमाकडे गेली आणि सगळं ओकून मोकळी झाली. माणूस वाईट नव्हता. त्याने ऐकून घेतलं, तिला बसायला स्टूल दिलं. "खोडता मलाही येत नाही आणि मालकांनाही येत नाही. खरं काय ते खाली जोडता येईल. पण दुसरीचं पोतं बंद केलं म्हणून तिचा अंगठा बंदच राहणार, आणि तुमचाही होणार. जोडू?"

दिराची औषधं, पोरीची शाळा, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. "नको," ती म्हणाली, आणि शरमेने मान खाली घालून टेबलाकडे परत गेली. जाळीपलीकडे आता कुणी नव्हतं.

संध्याकाळी धाकटीने घरातले लोकरीचे कपडे काढून समोर मांडले. रागाचा एक शब्द नाही. थोरलीच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि म्हणाली, बोटं राहू द्या, गालाला लावून बघा, गालाला तर कळतं ना. थोरली सांगत गेली, खरी, नकली, नकली, खरी. दर वेळी धाकटीचं उत्तर, "बरोबर." थोरलीला धीर यायला लागला. मग मनात आलं, सगळीच कशी बरोबर येतील?

पुढचा कपडा हातात येताच औषधी तेलाचा वास आला. दिराची कानटोपी. तिची लोकर थोरलीने स्वतः आणली होती, अस्सल.

तिने टोपी गालाला लावली. "नकली," ती म्हणाली.

"बरोबर," धाकटी म्हणाली.

थोरलीने डोळ्यांवरचा टॉवेल सोडला नाही.