डिस्कवरचं कुंकू

नववीत शाळा सोडली आणि गोंदियाकडून कामाच्या शोधात फिरत फिरत मी अकोले तालुक्यात येऊन थांबलो. भंडारदऱ्याच्या अलीकडे पाहुण्यांसाठी तंबू लावणाऱ्या एका दादांनी मला ठेवून घेतलं. त्यांनी माझं शिक्षण कधी काढलं नाही, जेवताना आपल्या शेजारीच बसवलं. म्हणूनच ते काही विचारायला लागले की मी उत्तर मनात दोनदा घोळवतो. चुकीचं सांगितलं तर?

त्यांनी सायकलीचं विचारलं. पाहुण्यांना डोंगरातल्या पायवाटांवर सायकलीने फिरवायचं त्यांच्या मनात होतं, आणि पुढे वाट दाखवत मी जायचं. पुढे-मागे दोन्हीकडे धक्के झेलणारं सस्पेन्शन हवं, एवढं पक्कं होतं. नगरच्या दुकानदाराने चालवून बघायला दोन सायकली टेम्पोतून पाठवल्या. एक हलकी, कमी दबणारी, चढाला आणि लांबच्या पल्ल्याला बरी. दुसरी जड, रुंद टायरची, दगडधोंड्यांतून उतरायला केलेली.

"चालवनार तू, तर निवडनार बी तूच," दादा म्हणाले.

"हो जी."

"जी-जी पुरं, झाडीपट्टी. कंची घ्यायची ते बोल." आमच्या गोंदियाकडच्या मुलखाच्या नावानेच ते मला हाक मारत.

सकाळी निघालो तेव्हा वारा अगदी पडला होता. भात कापून खाचरं रिकामी झालेली. एरवी त्या वाटेवर गुरं असतात, त्या दिवशी एकही घंटा वाजत नव्हती. आमच्या चाकांचाच काय तो आवाज.

हलकी माझ्याकडे होती. चढावर पायात घातलेला सगळा जोर ती पुढे नेत होती. दादांची जड सायकल प्रत्येक पायडलला खाली-वर डुलायची आणि दादा धापा टाकत तिला शिव्या घालायचे. पण मला हायसं काही वाटेना. चढावरून निवडायची आणि उतारावर फसायचं, हेच डोक्यात घोळत होतं.

माथ्यावर दम खाल्ला. खालची वाट सुट्या मुरमाची. डावीकडे मातीचा बांध, उजवीकडे घळ, आणि मध्ये एक वळण. दादा म्हणाले, आधी तू जा, वळणापलीकडे थांब, मग मी येतो.

निघालो. वेग धरल्यावर ब्रेक दाबला तर कोणीतरी कळवळल्यासारखी किंकाळी आली, पण सायकल थांबेना. दोन्ही दाबले. किंकाळी वाढली, वेगही वाढला. वळण समोर आलं तेव्हा मी हँडल डावीकडे फिरवलं आणि बांधावर जाऊन आदळलो.

पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की ही नको. हिचे ब्रेक वाईट. जड घ्यायची, सुटलो एकदाचा. मग पुढच्या चाकाकडे लक्ष गेलं. ब्रेक जिला धरतो त्या चकचकीत डिस्कवर लाल ओघळ होते. बोट लावलं. तेल.

सकाळी वहिनींनी, दादांच्या बायकोने, दारात आलेल्या गाड्यांची पूजा केली होती. कुंकू उडू नये म्हणून तेलात कालवलं होतं. आणि वस्तू दुकानाची, रंगाला डाग नको, म्हणून डिस्कच्या उघड्या लोखंडावर बोटं ओढली होती. पुसता येतील अशी. आमच्यापैकी कोणालाच त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

दोन्ही सायकलींची पूजा केली होती.

वर पाहिलं तर दादा निघाले होते. मी हात हलवले. मी पोचल्याची खूण समजून त्यांनीही हसून एक हात वर केला.

"दादा, बांधावर घाला! ब्रेक न्हाईत, बांधावर घाला!"

त्यांची बोली माझ्या तोंडातून कशी आली कुणास ठाऊक. तीच किंकाळी खाली येत होती. घळीच्या कडेचा मुरूम खाली सांडताना दिसला, मग दादांनी अंग डावीकडे टाकलं. धूळ बसेपर्यंत मी जागचा हललो नाही. ते मातीत पालथे पडले होते, कोपर सोलून निघालेलं. उठल्यावर त्यांनी आधी घळीत पाहिलं. लाल डिस्क दाखवली तेव्हा त्यांनीही तिला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, वहिनीला सांगू नको.

डिस्क पुसून आम्ही सायकली हातात धरून घरी आणल्या. संध्याकाळी दिवा लावताना वहिनींना कुंकू पुसलेलं दिसलं. पुसलेलं कुंकू तसंच ठेवू नये, म्हणून त्या ताट घेऊन परत आल्या. दादा खाली मान घालून बसले. त्या घरचं अन्न मी खात होतो.

"वहिनी, तिथं नको," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

त्यांचं बोट तेलातच राहिलं. "कंच्या वळनावर?"

मी सांगितलं. गवत कापायला त्या दरसाल तिथेच जात. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि ताट आत नेलं.

दुकानदाराने तेल मुरलेले ब्रेकचे पॅड बदलून दिले. मग आम्ही दोन्ही सायकली पुन्हा चालवल्या, दोन्ही धड थांबल्या. मी हलकी निवडली. दादांनी कारण विचारलं तेव्हा सांगितलं, ही खांद्यावर घेता येते. ते समजले. त्या वळणावर मी आजही उतरतो, सायकल खांद्यावर घेतो, आणि पाहुण्यांनाही उतरायला लावतो.