खालाची हजेरी

सुई टोचली की काम झालं, असं अख्खी दुबई मानते. न मानणारी एकच बाई मी पाहिली, ती आमची खाला. दाभोळकडची, सफाई कंपनीत आम्हा सगळ्यांत जुनी. इंटरनॅशनल सिटीतल्या आमच्या खोलीत दुमजली पलंगावर वर मी झोपायचे, खाली ती.

हिवाळ्याआधी कंपनी आम्हाला बसने फ्लूच्या लशीला नेते. नर्स सांगते, पंधरा मिनिटं बसा. पण बाहेर बस उभी, म्हणून बायका दंडावर कापूस दाबत पळायच्या. खाला मग दारात खुर्ची आडवी टाकून बसायची. पंधरा मिनिटं तिला पुरत नसत, ती अर्धा तास घ्यायची. प्रत्येकीच्या दंडावर सुईच्या जागेभोवती पेनाने गोल काढायची आणि लाली त्याबाहेर गेली का, ते चष्मा कपाळावर ढकलून बघायची. शिवाय दर पाच मिनिटांनी एकेकीला नाव-गाव मोठ्याने सांगायला लावायची. ड्रायव्हर हॉर्न वाजवून ओरडायचा, "यल्ला खाला, चलो, खलास!"

"खलास तुझं पेट्रोल होऊ दे. माझ्या पोरी अजून शिजतायत!"

एकदा एकजण म्हणाली, "खाला, गाव गेल्या वर्षीचंच आहे हो."

"नवरा बदललास तरी चालेल. आवाज काढ!"

मला हजेरीची भीती चौथीपासूनची. शाळेत मी 'हजर' इतकं हळू म्हणायचे की बाई गैरहजेरी लावायच्या. तीन वर्षांमागे लस घेतल्यावर माझे ओठ जड झाले, घशात काही अडकल्यासारखं वाटलं. माझ्यामुळे बस थांबायला नको म्हणून गप्प राहिले. पाळी आली तेव्हा नाव-गाव सांगितलं. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही, कारण माझा आवाज कुणी कधी नीट ऐकलाच नव्हता.

खाला मात्र ताडकन उठली. "अगो, हा हिचा आवाज नाही! नर्सबाई, धावा!"

मांडीत इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजन लावला. बसमध्ये बसले असते तर आज हे लिहिलं नसतं. डॉक्टरांनी खालाला विचारलं, कसं ओळखलंत?

ती म्हणाली, "ही रोज पांघरुणात तोंड घालून आईशी फोनवर बोलते. खाली मी असते ना."

गेल्या वर्षी खाला कायमची गावी गेली. मला ती लस डॉक्टरांनी बंद केलीय, तरी मी बसमधून जाते. दारात खुर्ची टाकायची माझी हिंमत नाही. मी दाराजवळ उभी राहून एकेकीला नाव-गाव विचारते. इतकं हळू विचारते की आधी त्या "काय?" म्हणतात, मग नाव सांगतात. बरंच आहे. प्रत्येकीचा आवाज दोनदा ऐकायला मिळतो.