भागाबाईंचा सांबार

तेलंगणातल्या इचोड्याच्या बाजारात भाजी विकणाऱ्या भागाबाईंना तेलुगू वाचता येत नाही, म्हणून मोबाइलवर आलेला हवामानाचा इशारा मीच वाचून दाखवला: पारा पंचेचाळीसवर जाईल, दुपारी बाहेर पडू नये, सायंकाळी वादळी पाऊस शक्य. बाजाराला छप्पर मिळावे म्हणून मी तीन अर्ज केले. उत्तर आले नाही, इशारे मात्र वेळेवर येतात. भागाबाईंनी ओले फडके सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवर पांघरले.

“ते डोक्यावर घ्या,” मी म्हणालो.

“मी कोमेजली तं पानी पिऊन उठीन, मास्तर. सांबार उठते काय?”

दुपारी त्या भोवळ येऊन खाली बसल्या. पाणी पाजून मी त्यांच्यावर छत्री धरली. डोळे किलकिले करून त्यांनी माझा हात पकडला आणि छत्री सांबाराच्या टोपलीवर सरकवली.