भेंडीची तार कुठवर गेली

निवृत्त झालो तरी चारच्या चहाला मी अजून विभागात जातो. सावंगीच्या आमच्या कॉलेजातल्या या चहाच्या टेबलावर कपांचं होतं तेच किश्श्यांचंही होतं. वेळच्या वेळी कोणी आवरत नाही आणि ढीग साचत जातो. त्यातले काही लिहावेत, असं डॉ. देवतळे म्हणाले. देवतळे माझे जुने सहकारी, औषधशास्त्रातले. ते कोणालाही लिहा म्हणतात, त्यामुळे लिहिण्याजोगं खरंच काही आहे का, याची मला खात्री नाही.

माझा आयुष्यभराचा विषय भेंडी. म्हणजे चिरताना तिला तार सुटते, तो चिकट पदार्थ. एवढ्यासाठी पीएच.डी. केली का, हा प्रश्न लोकांच्या आधी मलाच पडतो.

मध्यंतरी कॉलेजनं माझा सत्कार ठरवला. कारण माझ्या पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, आधार निरनिराळ्या विषयांतल्या लोकांनी घेतला होता. आमच्यात त्याला सायटेशन म्हणतात. मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त. भाषणानंतर प्रश्नोत्तरं असतात. कोणी उभं राहून विचारलं, की या सगळ्याचं पुढे झालं काय, तर मी काय सांगणार होतो?

*

पहिलं सायटेशन आलं तेव्हा देवतळे धावतच आले. सगळ्या विभागाला तर्री पोहे माझ्याकडून. प्लेटा रिकाम्या झाल्यावर कोणीतरी पाहिलं, की उल्लेख करणारा लेखक कोण?

मीच होतो. माझ्याच दुसऱ्या पेपरात.

"जाऊ द्या सर," देवतळे तर्री पुसत म्हणाले, "घरचाच पाहुणा आला, पण आला तर!"

*

पुढे बाहेरचेही आले. कोरड्या तोंडाच्या रुग्णांसाठी कृत्रिम लाळ बनवणारे दंतवैद्य आले. गढूळ पाणी निवळणारे आले. मग एका परदेशी सिव्हिल इंजिनिअरनं भेंडीचा चिकट रस काँक्रीटमध्ये घातला आणि आधाराला माझा पेपर दिला.

मी घरी अभिमानानं सांगितलं. सुमन, माझी पत्नी, तेव्हा भेंडीच परतत होती.

"तुम्ही जन्मभर जी तार जपली," ती म्हणाली, "ती मोडायला मी रोज लिंबू पिळते. माझा उल्लेख कुठं आहे?"

*

एका सायटेशननं माझी झोप उडवली. पशुवैद्यकातल्या कोणी लिहिलं होतं, की या पद्धतीनं आमच्या हाती काहीच लागलं नाही. सायटेशनच्या आकड्यात मात्र तेही धरलेलं. हे काढून टाकता येईल का, म्हणून मी चौकशी करू लागलो.

देवतळ्यांनी मला खाली बसवलं. "सर, टेन्शन काऊन घेऊन राह्यले? लग्नात शिव्या देनारा पाहुनाबी पंगतीत मोजल्याच जाते."

*

भाऊराव हा सुमनचा धाकटा भाऊ. तळेगावला भाजीपाला पिकवतो. माझ्या प्रयोगांची सगळी भेंडी त्याच्याच वावरातली. त्याची कायमची एक तक्रार असते, रस्त्याकडच्या तासांतली, म्हणजे ओळींतली, भेंडी कोणीतरी पहाटेच तोडून नेतं.

काँक्रीटचं कळल्यावर तो बाजारात ढिगामागं बसून सांगू लागला, की या भेंडीवर परदेशात लिहून येऊन राह्यलं. एका बाईनं भेंडी मोडून पाहिली आणि विचारलं, "मंग त्यायनं खाल्ली का नाई?"

भाऊरावानं तो प्रश्न फोनवर माझ्याकडे पाठवला.

*

सत्काराच्या आधी देवतळे माझी सायटेशनं वाचत बसले आणि एकाएकी हसू लागले. कोणी चूक काढेल या भीतीनं मी माझ्या पेपरात बारीकसारीक सगळं लिहिलं होतं. भेंडी तळेगावच्या भाऊरावांच्या शेतातली, पहाटे दव असताना तोडलेली, असंसुद्धा. पुढच्या कित्येकांनी कृतीचा तो परिच्छेद जसाच्या तसा उतरवून घेतला होता. भाऊरावासकट! समुद्रापलीकडच्या दंतवैद्याची भेंडी तळेगावची. काँक्रीटवाल्याची तळेगावची. हाती काही न लागलेल्या पशुवैद्याचीही तळेगावचीच.

मी हात जोडले, की हे सभेत काढू नका. देवतळ्यांनी ते लेखकांच्या नावांसकट मोठ्या पडद्यावर दाखवलं.

सभागृह हसून लोटपोट झालं. हसणं ओसरल्यावर एक विद्यार्थिनी उभी राहिली आणि अगदी नम्रपणे तिनं विचारलं, "सर, यांनी कृतीही उतरवून घेतली असेल, तर तुमचं काम पुढे कोणी खरंच करून पाहिलं, हे कशावरून?"

ज्याची धास्ती होती, तोच प्रश्न. मी पाणी प्यायलो, चष्मा पुसला, परत पाणी प्यायलो. पहिल्या रांगेतली सुमन पदराशी चाळा करू लागली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून भाऊराव उठला. पांढरा सदरा, हातात माझ्यासाठी आणलेल्या भेंडीची पिशवी. पडद्यावरची नावं त्यानं एकेक करून नीट पाहून घेतली.

"भाऊजी, मी यातल्या कोनालेच भेंडी देल्ली नाई," तो म्हणाला. "पन पहाटे वावरातून कोन नेऊन राह्यलं, ते आज समजलं."